बेंबीची घाई, जांघेची हयगय

तान्ह्या बाळाची बेंबी फुगून बाहेर आली की सगळे घर कामाला लागते. आजी कपाटातून जुना रुपया काढते, आत्या ऑनलाइन पट्टा मागवते, नाळ कुणी कापली आणि कशी बांधली याची चौकशी होते आणि ठपका बहुधा दवाखान्यातल्या नर्सवर बसतो. त्याच बाळाच्या जांघेत रडताना लिंबाएवढी गाठ येते आणि बाळ निजले की नाहीशी होते, तेव्हा मात्र ‘त्याला फार रडू देऊ नका’ एवढ्यावर भागते. वैद्यकाच्या भाषेत दोन्ही हर्नियाच. पण पहिला बहुतेक वेळा आपला आपण बरा होतो. दुसरा आपण होऊन बरा होईल यावर विसंबता येत नाही, आणि तो अडकला तर काही तासांत आतड्याच्या जिवावर बेतते. घाई कुठे करायची आणि धीर कुठे धरायचा, याचा हिशेब अनेक घरांनी नेमका उलटा मांडलेला असतो.

हा उलटा हिशेब अडाणीपणातून येतो असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. बेंबी चारचौघांत दिसते. जांघ लंगोटाखाली असते, आणि तिथली गाठ दाखवावी तर डॉक्टरांच्या टेबलावर ती हटकून गायब होते. शिवाय हर्नियाबद्दल घरातल्या मोठ्यांना जे ठाऊक असते ते मोठ्यांच्या हर्नियाबद्दलचे असते. वजन उचलले, खोकला फार झाला, म्हातारपणी पोटाचे स्नायू सैल पडले, मग जाळी बसवावी लागली, असे ते ज्ञान. बाळाच्या हर्नियाशी यातल्या एकाही गोष्टीचा संबंध नाही.

बाळाच्या जांघेतल्या हर्नियाची गोष्ट जन्माआधीच सुरू होते. गर्भारपणाच्या सातव्या महिन्याच्या आसपास मुलग्याचे वृषण पोटातून अंडकोशाकडे उतरू लागतात. उतरताना पोटाच्या आतल्या अस्तराची एक अरुंद पिशवी त्यांच्या पुढे खाली उतरलेली असते. वृषण जागेवर पोचले की या पिशवीची वाट मिटून जायची असते. ती चिंचोळी उघडी राहिली तर पोटातले पाणी तेवढे झिरपते आणि हायड्रोसील होतो, जो साधारण वर्ष-दोन वर्षांत बहुतेक बाळांत ओसरतो. वाट रुंद राहिली तर तीतून आतडे उतरते, आणि तो हर्निया. उजवे वृषण डाव्यापेक्षा उशिरा उतरते, म्हणून दहांतले सहाएक हर्निया उजव्या बाजूला आढळतात. पूर्ण दिवसांच्या शंभर बाळांमागे एकापासून पाचपर्यंत बाळांना हा त्रास असतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत तोच आकडा दहापासून तिसापर्यंत जातो, कारण ती वाट मिटण्यापूर्वीच त्यांचा जन्म झालेला असतो. नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागांमुळे आज किलोभर वजनाची बाळेही जगतात, त्यामुळे असे हर्नियाही आता जास्त दिसणार.

म्हणजे रडल्यामुळे हर्निया होत नाही. रडल्यामुळे पोटातला दाब वाढतो आणि आधीपासून असलेला हर्निया दिसतो, एवढेच. आईने काय खाल्ले, बाळाला कसे धरले, मालिश कुणी केली, याचाही काही संबंध नाही. ज्या घरात बाळाच्या प्रत्येक दुखण्याचा जाब सुनेला विचारला जातो, तिथे हे वाक्य मोठ्याने सांगण्याची गरज आहे.

बेंबीचा प्रकार वेगळा. नाळ गळून पडली की तिच्या जागचे स्नायूंमधले कडे हळूहळू आवळत जाते. ते आवळायला वेळ लागला तर रडताना, कुंथताना त्यातून पोटातले काहीबाही वर ढकलले जाते आणि बेंबी फुग्यासारखी होते. दिसायला भयंकर, पण तिथे आतडे अडकण्याचा प्रसंग फार क्वचित येतो. दहांतल्या आठ-नऊ मुलांचे कडे चार-पाच वर्षांच्या आत आपोआप मिटते. नाळ कशी कापली यावर ते ठरत नाही, त्यामुळे त्या नर्सला माफ करायला हरकत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली अनावश्यक उपचार टाळण्याच्या आपल्या यादीत एक कलमच घातले, की बेंबीचा हर्निया असलेल्या बहुतेक मुलांना चार-पाच वर्षांची होईपर्यंत सर्जनकडे धाडूच नये. कड्याची फट दीड सेंटिमीटरहून मोठी असेल तर ती मिटण्याची शक्यता कमी असते, तरीही वाट बघायला कुणाचे काही जात नाही.

मग रुपया बांधण्यात काय वाईट, असा प्रश्न येतो. आपल्याकडे फडक्यात गुंडाळलेले नाणे बेंबीवर ठेवून वरून कापडी पट्टा आवळतात. त्याखाली घाम साचतो, कातडी ओली राहून सोलवटते, जखम होते, कधी पू होतो. पट्टा घट्ट असला तर पोटभर प्यायलेले बाळ ओकते. आणि चार वर्षांनी कडे मिटले की श्रेय रुपयाला जाते, पुढच्या नातवंडासाठी तो पुन्हा जपून ठेवला जातो. न्यायाने हेही सांगायला हवे की जपानमध्ये डॉक्टर स्वतःच बेंबीवर कापसाचा बोळा ठेवून चिकटपट्टीने दाबतात, आणि त्याने कडे लवकर मिटते, सैल कातडी कमी राहते, असे तिथल्या काहींचे निरीक्षण आहे. पण ते निर्जंतुक साहित्याने, कातडीवर पुरळ येते का हे पाहत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. शिवाय जी गोष्ट नाही तरी बरी होणारच, तिच्यासाठी एवढा खटाटोप करायचा का, यावर मतभेद आहेतच. नाण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांना जपानचा आधार फारसा कामाला येत नाही.

बेंबीच्या बाबतीत खरी नजर ठेवायची ती दुसरीकडे. बाळ सुस्त आहे, जीभ मोठी दिसते, शी खडा होते, कावीळ आठवडे उलटले तरी उतरत नाही, आणि जोडीला बेंबी फुगलेली आहे, असे असेल तर जन्मजात थायरॉइडच्या कमतरतेची शंका घ्यावी लागते. साध्या रक्ततपासणीत ती कळते. उपचार वेळेत सुरू झाला नाही तर मेंदूची वाढ खुंटते. बेंबीतून सतत पाणी किंवा मळ येत असेल, तर तोही हर्निया नव्हे. त्यालाही डॉक्टर हवा. रुपयाखाली झाकलेली बेंबी यातले काहीच दाखवत नाही.

आता जांघेकडे येऊ, कारण खरा धोका तिथे आहे. पिशवीत उतरलेले आतडे एरवी आपोआप किंवा हलक्या हाताने परत जाते. एखाद्या वेळी ते वाटेत आवळले जाते आणि परत फिरत नाही. आधी त्यातून पुढे काही सरकत नाही, मग त्याचा रक्तपुरवठा तुटतो. त्या चिंचोळ्या वाटेतून वृषणाच्या रक्तवाहिन्याही जातात, त्यामुळे आतडे वाचले तरी वृषण सुकून जाऊ शकते. इथे घरातल्या शहाणपणाला तडा देणारी गोष्ट अशी, की बाळ जितके लहान तितका हा धोका मोठा. ‘जरा अंग धरू दे, दहा किलोचे होऊ दे, मग बघू’ हा सल्ला वडीलधारे प्रेमाने देतात. कधी कधी गावातले डॉक्टरही देतात. पण ज्या महिन्यांत थांबायला सांगितले जाते, तेच महिने सगळ्यांत जोखमीचे असतात.

हा केवळ अंदाज नाही. टोरांटोच्या बालरुग्णालयात दोन वर्षांखालील हजाराहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि २००८ साली त्या कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या. निदान झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांत हर्निया अडकण्याचे प्रमाण सुमारे ५ टक्के होते. त्याहून जास्त थांबावे लागलेल्यांत ते १० टक्क्यांवर गेले. दोन आठवड्यांची ही रांग श्रीमंत देशातल्या नामांकित रुग्णालयातली होती. आपल्याकडे लोक दोन आठवडे थांबत नाहीत. लग्नसराई संपेपर्यंत, सोयाबीन निघेपर्यंत, मामा मुंबईहून येईपर्यंत थांबतात.

अडकलेला हर्निया ओळखायला यंत्र लागत नाही. गाठ बाळ शांत झाल्यावरही जात नाही, हाताला टणक लागते, हात लावू दिला जात नाही. बाळ वेगळ्याच सुरात, न थांबता रडते, दूध ओकते, पुढे उलटी हिरवट होते, पोट फुगते. गाठीवरची कातडी लाल किंवा काळपट दिसू लागली, शीतून रक्त पडले, तर बराच उशीर झालेला असतो. अशा वेळी गाठ घरी दाबत बसू नये, तेल चोळू नये, शेकू नये. दूध न पाजता थेट मोठे रुग्णालय गाठावे. तिथे डॉक्टर बाळाला गुंगीचे औषध देऊन ती हळुवार आत सारतात आणि बहुतेकदा त्यात यश येते. मग सूज उतरायला एक-दोन दिवस देऊन शस्त्रक्रिया करतात. जमले नाही तर रात्रीच ऑपरेशन थिएटर उघडावे लागते.

मेळघाटातल्या कोरकू वस्त्यांत तान्ह्याचे पोट फुगले की तापल्या विळ्याने पोटावर चटके देण्याची प्रथा आहे. तिला डंबा म्हणतात. ती बंद व्हावी म्हणून सरकार आणि कार्यकर्ते वर्षानुवर्षे झगडत आहेत. पोट फुगण्याची कारणे अनेक असतात, आणि अडकलेला हर्निया त्यांतले एक. शहरातल्या वाचकाने त्यावर नाक मुरडण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे, की पुण्यातल्या फ्लॅटमध्ये जांघेतल्या टणक गाठीवर हिंगाचा लेप लावून सकाळची वाट बघणाऱ्या घराचा तर्क त्याहून फार निराळा नाही. दोन्हीकडे वेळ हातातून जातो.

मुलींच्या बाबतीत गप्प बसण्याची सवय आणखी नडते. मुलग्यांच्या तुलनेत मुलींत हा हर्निया चार-पाच पटींनी कमी दिसतो, म्हणून तो मुलींना होतच नाही असा समज आहे. होतो, आणि त्यात आतड्याऐवजी पुष्कळदा बीजकोश उतरलेला असतो. जांघेत किंवा योनीच्या ओठाशी छोटीशी, न दुखणारी, इकडेतिकडे सरकणारी गाठ लागते. ती दुखत नाही म्हणून सांगायचे राहते. त्या जागेबद्दल बोलायचे कसे, म्हणून तर राहतेच. बीजकोशाला पीळ पडला तर तो गमवावा लागतो. फार थोड्या मुलींत त्या गाठीत बीजकोश नसून वृषण निघते आणि जन्मतः असलेली वेगळीच शरीररचना त्यातून कळते. हे निदान बालपणी, सावकाश समजावून सांगत झाले, तर त्या मुलीचे पुढचे आयुष्य कितीतरी सोपे होते.

शस्त्रक्रियेला नकार देणाऱ्या घरांचे एक मोठे कारण भूल असते. ‘एवढ्याशा जिवाला भूल?’ हा प्रश्न भाबडा नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत भुलीच्या औषधांनी वाढत्या मेंदूवर परिणाम झाल्याचे दिसले होते. २०१६ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तीन वर्षांखालील मुलांना तीन तासांहून लांबलेली किंवा वारंवार दिलेली भूल धोक्याची ठरू शकते, असा इशाराही दिला. या भीतीचे उत्तर शोधायला संशोधकांनी जी शस्त्रक्रिया निवडली, ती नेमकी बाळांच्या जांघेतल्या हर्नियाची होती. सात देशांतल्या २८ रुग्णालयांत ७२२ बाळांचे दोन गट केले. एकाला पूर्ण भूल, दुसऱ्याला जागेपणी कमरेखालचा भाग बधिर करणारे इंजेक्शन. ती मुले पाच वर्षांची झाल्यावर त्यांची बुद्ध्यंक चाचणी घेतली. कमरेत इंजेक्शन दिलेल्यांची सरासरी ९९.०८ आली, पूर्ण भूल दिलेल्यांची ९८.९७. २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हा निष्कर्ष छापून आला. तासाभराच्या आतली एक भूल बाळाच्या बुद्धीला धक्का लावत नाही, हे इतक्या नेटकेपणाने सिद्ध झालेले असताना भीती घरोघर शाबूत आहे, कारण हा आकडा त्या घरापर्यंत नेण्याचे काम कुणाच्याच वाट्याला दिलेले नाही.

शस्त्रक्रिया तरी केवढी? जांघेवरच्या घडीत छोटा छेद, पिशवी शोधायची, वृषणाच्या वाहिन्या आणि वीर्यनलिका अलगद बाजूला करायच्या, आणि चंचीचे तोंड नाडीने आवळावे तसे पिशवीचे तोंड वरच्या टोकाला बांधून टाकायचे. जाळी नाही, स्नायूंची शिलाई नाही. नाजूकपणा सगळा त्या केसाएवढ्या नलिका जपण्यात आहे, म्हणूनच हे काम लहान मुलांच्या सर्जनचे. पूर्ण दिवसांचे निरोगी बाळ बहुतेकदा त्याच दिवशी घरी जाते.

त्याच दिवशी घरी, ही कल्पनाही शंभर वर्षांहून जुनी आहे. ग्लासगोच्या बालरुग्णालयातले जेम्स निकॉल यांनी १९०९ साली दहा वर्षांतल्या ८,९८८ शस्त्रक्रियांचा अहवाल मांडला. या सगळ्या बाह्यरुग्ण विभागात झाल्या होत्या, त्यांत हर्नियाही होते, आणि रुग्णांत तान्ही बाळे पुष्कळ होती. वॉर्डातल्या खाटेपेक्षा बाळ आईच्या कुशीत जास्त शांत पडून राहते आणि अंगावर पिणाऱ्या बाळाला आईपासून तोडू नये, असे त्यांचे म्हणणे. रुग्णालयाजवळ आयांना बाळासह राहता यावे म्हणून त्यांनी छोटे घरही घेतले होते. त्या काळी हे धाडस होते. आज आपल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या जिन्याखाली सतरंजी टाकून बसलेल्या बाळंतिणी पाहिल्या, की निकॉल अजून आपल्यापर्यंत पुरते पोचायचे आहेत असे वाटते.

‘थांबू नका’ या सल्ल्याला एक खरा अपवाद आहे, आणि तो लपवणे योग्य नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना भुलीनंतर श्वास मध्येच थांबण्याचा धोका असतो. त्यांचा हर्निया अतिदक्षता विभागातून घरी जाण्यापूर्वीच दुरुस्त करावा की नंतर, यावर जुना वाद होता. अमेरिकेतल्या ३९ रुग्णालयांच्या अभ्यासाने २०२४ साली त्यावर प्रकाश टाकला. आधी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी २८ टक्के बाळांत गंभीर गुंतागुंत झाली. आईच्या शेवटच्या पाळीपासून मोजून ५५ आठवडे पुरे होईपर्यंत थांबलेल्यांत ती १८ टक्के होती. तेव्हा अशा बाळांसाठी थांबणे बरे ठरू शकते. मात्र ते थांबणे सर्जनने तारीख ठरवून दिलेले आहे, आईबापांना धोक्याची लक्षणे पाठ आहेत, रुग्णालय फोनच्या अंतरावर आहे. ‘बघू पुढच्या महिन्यात’ याला तेच नाव देता येत नाही.

दुसरा आक्षेप अविश्वासाचा. डॉक्टर कशालाही ऑपरेशन सांगतात, असे लोक म्हणतात, आणि रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेण्याच्या ‘कट प्रॅक्टिस’वर कायद्याचा मसुदा करण्याची वेळ ज्या राज्यावर आली तिथे हा संशय निराधार म्हणता येणार नाही. वर्षाच्या बाळाची बिनदुखती बेंबी कुणी कापायला निघाले तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत जरूर घ्यावे, तिसऱ्याचेही घ्यावे. वेळ भरपूर आहे. जांघेतल्या हर्नियासाठी दुसरे मत घ्यायचे असेल तर त्याच आठवड्यात घ्यावे. डॉक्टरांसमोर गाठ दिसत नसेल तर त्यावर उपाय आता प्रत्येकाच्या खिशात आहे. ती दिसेल तेव्हा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. तपासताना काही सापडले नाही तरी असा फोटो आणि आईचे वर्णन यांवरून सर्जन निदान करतात.

राहता राहिला प्रश्न पाहणाऱ्या डोळ्यांचा. बाळाला रोज पायांवर घेऊन न्हाऊ घालणारी बाई त्याचे उघडे अंग डॉक्टरांपेक्षा किती तरी जास्त वेळा पाहते, तेही बाळ टाहो फोडत असताना. तिला कुणी काही शिकवलेले नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने खेड्यातल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले, आणि त्याच धर्तीवर आज देशभर आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरी येते. मुलांची तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरमध्ये झाली. त्याच्या तीस आजारांच्या मूळ यादीत हर्निया नव्हता, तरी तपासणी पथके हर्नियाची मुले शोधून शस्त्रक्रियेसाठी पाठवतात. ही पथके मुख्यतः अंगणवाडी आणि शाळेत जातात. तिथे भेटणारे मूल बहुधा पहिल्या वर्षाचा धोका पार करून आलेले असते.

पहिल्या वर्षातल्या बाळाला गाठायची सगळ्यांत सोयीची जागा म्हणजे लसीकरणाचे सत्र. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची इंजेक्शने मांडीत देतात. त्यासाठी लंगोट सैल होतो, सुई टोचली की बाळ जिवाच्या आकांताने रडते, आणि हर्निया असेल तर तो दिसण्याची याहून चांगली घडी नाही. लस टोचणाऱ्या परिचारिकेने, म्हणजे एएनएमने, त्या अर्ध्या मिनिटात दोन्ही जांघांवर नजर टाकावी, मुलग्याचे दोन्ही वृषण खाली आहेत का पाहावे आणि आईला एक प्रश्न विचारावा, की रडताना इथे कधी गाठ येते का. याला नवा निधी लागत नाही, नवे पद लागत नाही. आरोग्य खात्याने हा प्रश्न सत्राच्या नोंदवहीत एक रकाना करून छापावा. आणि तो छापला जाईपर्यंत, पुढच्या डोसला बाळाला घेऊन जाणाऱ्या आयांनी सुई टोचल्यावर बाळाला लगेच छातीशी घेण्याआधी त्याच्या जांघेकडे एकदा स्वतः पाहून घ्यावे.